भांगाचं पाणी

पहाटे पावणेपाचला सुलक्षाचा फोन.
मी दुर्भाटच्या मानशीवर,
फळ्यांना टेकलेलं पाणी टॉर्चनं बघत होतो.

म्हणाली, बाबा, पहिला झोत सोडला तेव्हा
अर्ध्या फेरीतच भिंतीला घासून विझला.
चुंबक हलवले, केसाएवढे.
पुन्हा सोडला. पुन्हा विझला.
अशा अकरा रात्री.

गळती कुठं ते कळतं का, मी विचारलं.
हसली. तेच तर शोधतोय.

काल टिकला, चांगला तासभर.
मग हळूहळू बाजूला सरकायला लागला.
सगळे वायरी तपासत बसले
आणि हिला आठवली आपली मानस:
चंद्र जमीनही ओढतो, बाबा,
एवढं मैलोगणती कडं
एक मिलीमीटर फुगतं.

मी जुवारीकडं पाहिलं,
अजून वीतभर चढायची होती.
म्हटलं, आज अष्टमी, भांगाचं पाणी.
एवढ्यावर सरकतं
तर पुनवेच्या उधाणाला जपा.

ती गप्प झाली. लिहून घेत असावी.

तेवढ्यात खालची फळी पाझरली.
फोन बांधावर ठेवून
मी फटीत चिखल नि पेंढा कोंबत बसलो.
पलीकडे ती कुणाला तरी फ्रेंचमध्ये
काहीतरी समजावत होती,
मधेच एक शब्द मला कळला:
पुनव.