अडतीस

पहाटे साडेचारला पुरूचं मनगट माझ्या हातात असायचं.
एका हाताने तो बुटाची नाडी ओढायचा,
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायची.
अडतीस. कधी एकोणचाळीस.
माझे बहात्तर.
"अक्का, तू गिरणी, मी कासव,"
म्हणायचा, आणि विडी घरकुलाच्या गल्लीतून
कुत्र्यांनाही न उठवता निघून जायचा.

अम्मा दिवसाला हजार विड्या वळते.
त्याच हिशेबाच्या वहीत, मागच्या पानापासून,
ती त्याचे किलोमीटर लिहायची.
मडूर सर म्हणायचे, पोराचं काळीज मोठं आहे.
ते वाक्य आम्ही गल्लीत
पेढ्यांसारखं वाटलं.

जानेवारीतली शर्यत. एकवीस किलोमीटर.
होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे अजून उतरवले नव्हते.
सात रस्त्याला मी उभी, मीठ-साखरेची बाटली घेऊन.
तो आला. चांगला आला,
पाय हलके, बाटलीसाठी हात पुढे.
हात तसाच राहिला
आणि बाकीचा पुरू खाली गेला.

कुणी म्हणालं, ऊन लागलं.
सकाळचे साडेसात. माझ्या अंगात स्वेटर होता.
कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल पुढे केली.
मी सवयीने दोन बोटं मनगटावर ठेवली,
घड्याळाकडे बघितलं
आणि एक म्हणायची वाट बघत राहिले.

सिव्हिलच्या कागदावर लिहिलं होतं :
हृदयाची भिंत जाड. बहुधा जन्मापासून.
म्हणजे काळीज खरंच मोठं होतं.
मडूर सरांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली,
परत उलगडला. मग कट्ट्यावर बसले
आणि किती तरी वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

नाना टॉवेलच्या कारखान्यात आठ माग बघतात.
कुठल्या मागावर धागा तुटला
हे त्यांना पाठ फिरवलेली असतानाही कळतं.
तेराव्याला एवढंच बोलले :
"बावीस वर्षं माझ्या शेजारी झोपला."

डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हे घरात असू शकतं,
बहिणीचंही बघून घ्या.
म्हणून मी आज इथे, डाव्या कुशीवर,
छातीला गार जेल, पडद्यावर करडं काहीतरी
दार उघडतंय, मिटतंय.
भिंत कुठली ते मला कळत नाही.
मुलगा म्हणतो, श्वास रोखा. रोखते.
सोडा म्हणायचं तो विसरतो बहुतेक.

मग त्याने एक बटण फिरवलं
आणि खोलीभर माझा आवाज झाला,
पिळलेलं धुणं झटकावं तसा. फटक्. फटक्.
नाना बाहेरच्या बाकावरून उठून
चपलांसकट आत आले,
कानाच्या पाळीवर कापसाची कुसं तशीच.
मान तिरकी केली, डोळे मिटले.

"झालं, उठा," मुलगा म्हणाला. "पुढचा नंबर."

नानांनी डोळे उघडले नाहीत.
"परत एकदा लावा," म्हणाले.