तीन बोटांचा फरक

शिवणकारखाना बंद झाला, हातावर पैसे टेकवले गेले,
आणि ते मोडायच्या आत
मी रानाइवोच्या गॅरेजात जाऊन उभी राहिले.

दोन गाड्या होत्या. दोन्ही माझ्याहून थोरल्या,
दोन्ही दुधावरच्या सायीच्या रंगाच्या,
आमच्या अंतानानारिव्होतल्या टॅक्सीला शोभतील अशा.

सित्रोएनला पाणी लागत नाही. वारा खाऊन जगते.
छत चटईसारखं गुंडाळून ठेवता येतं.
वळणावर अशी कलते
की मागे बसलेली चार अनोळखी माणसं
उतरेपर्यंत सोयरी होतात.
खिडकीची खालची काच दुमडून वर अडकवायची;
ती बाहेर ठेवलेल्या कोपरावर कधी आदळेल
याचा नेम नाही.

रेनॉचा गिअर छत्रीच्या मुठीसारखा
डॅशबोर्डातून बाहेर आलेला:
ओढा, पिळा, ढकला, आणि मनात काहीतरी पुटपुटा.
तिला तहान लागते, तीही नेमकी चढाच्या मध्यावर.

माझा भाऊ न्जाका म्हणाला, हप्त्यावर नवी घे ना, कोरियन.
म्हटलं, नाकापेक्षा मोती जड.
बरं, या दोघींतली कोणती?
तो म्हणाला, दगडापेक्षा वीट मऊ.
पण वीट कोणती, ते काही सांगेना.

मग रानाइवोनं हात पुसत, जरा लाजतच सांगितलं,
"या रेनॉची उजवी बाजू डावीपेक्षा लांब आहे."
ठोकलेली आहे?
"छे. जन्मापासूनच. या सगळ्याच तशा.
मागची दोन चाकं एका रेषेत येतच नाहीत."

मापाची पट्टी सवयीनं अजून गळ्यातच होती.
चिखलात गुडघे टेकून मी मोजलं,
एकदा इकडून, एकदा तिकडून.
तीन बोटं.

सतरा वर्षं मी बाह्या शिवल्या.
डावी उजवीहून अर्धं बोट उतरली
की मादाम ओनोरीन अख्खा गठ्ठा उसवायला लावायची
आणि त्या दिवसाची मजुरी कापायची.
आणि ही बया
तीन बोटांचा फरक घेऊन
माझ्या जन्माआधीपासून हा डोंगर चढते आहे!

घासाघीस करायची विसरले.

आता पेट्रोल माझ्या सीटखाली, पाण्याच्या बाटलीत.
मूळची टाकी गळते, तिच्यात मी कांदे ठेवत नाही इतकंच.
पंपावर एक लिटर मागते, कधी अर्धा,
पोऱ्या हसत नाही, सगळेच तसं मागतात.
उतार लागला की इंजिन बंद.
त्या शांततेत खालच्या भातखाचरांतले बेडूक ऐकू येतात,
आणि प्रवासी उगाचच हळू बोलू लागतात.
चढावर थांबले तर चाकामागे दगड लागतो;
तो माझ्या पायाशीच असतो, हातानं घासून गुळगुळीत झालेला.

मागचं उजवं दार आतून उघडत नाही.
मी उतरून, वळसा घालून उघडते.
टोपीवाल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, हा मान आहे.
त्यानं टोपी काढली. मी खुलासा केला नाही.

परवा आनोसीच्या तळ्याजवळ
जांभळ्या फुलांच्या खचात उभी होती मादाम ओनोरीन,
हातात औषधांची पिशवी.
मला ओळखलं की नाही, कळलं नाही.
उजवीकडे बसली.

इसोत्रीला पोचलो. तिनं कडी ओढली. पुन्हा ओढली.
मी आरशात पाहत होते.
मग उतरले, बोनेटवरून हात फिरवत,
जराही घाई न करता, वळसा घातला.

दार उघडलं तरी ती बसूनच.
सीटच्या कव्हरची शिवण अंगठ्यानं चाचपत होती,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"कुणी शिवलंय?"
"मीच, वुआहिराना. चौथी ओळ, खिडकीकडची."

"हं," म्हणाली. "टाका सरळ आहे."
आणि भाड्याचे पैसे मोजून दिले,
एक नाणं कमी.

मी मागितलं.
तिनं दिलं.