कळ

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच काळोख पडतो.
खालच्या मजल्यावरचे एंडेल तेव्हा दिवा लावतात
आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर वेचत,
प्रोग्राम लिहितात.

उजवा हात मार्चपासून मांडीवर असतो,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.

एमायोगी नदी कधी गोठली, बर्फ कधी फुटला,
एकतीस हिवाळ्यांची वही आहे त्यांच्याकडे.
सरासरी काढायची, बस.
पण दर खेपेला फाइल जतन करा, काळी खिडकी उघडा,
आज्ञा टाइप करा, नाव चुकलं की पुन्हा तेच.
"तेवढ्यात चहा होतो," म्हणाले. "आणि गारही."

म्हटलं, एका कळीत बसवते सगळं. कुठली देऊ?
त्यांनी डाव्या कोपऱ्यातली एफ-वन दाखवली.
अहो, ती मदतीची आहे.
"मारेट, मदत पुष्कळ झाली."

मी सेटिंगची फाइल उघडली.
महिरपी कंस, अवतरणं, कळीचं नाव, आज्ञा;
खाली दुसरा कंस. जतन केलं. दाबलं.
काही नाही.
पुन्हा वाचलं. पुन्हा दाबलं.
मी विद्यापीठात हेच शिकते हे त्यांना ठाऊक,
त्याची लाज वेगळी.

एंडेल शेगडीपाशी उभे होते, माझ्यासमोर,
माझ्या पाठीमागच्या काळ्या काचेकडे बघत.
"दोन कंसांच्या मध्ये," ते म्हणाले,
"स्वल्पविराम राहिलाय."

काचेत माझा पडदा उलटा पडला होता.
बेचाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस,
त्याला उलटंच सरळ.

स्वल्पविराम दिला. एफ-वन.
ओळ नऊ, चूक, लाल अक्षरांत.
इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते:
"आमच्याकडे हे कळायचं
चार हजार प्रती वाळल्यावर!"

आता रात्री जमिनीतून ऐकू येतं. टक.
बराच वेळ काही नाही. टक टक.
एक शिवी, आता कुणी देत नाही तसली.
टक.

परवा खाली गेले तर कळीवर शिशाचा खिळा चिकटवलेला,
के अक्षराचा, आमच्यात 'चालव' के-नेच सुरू होतं,
बुंध्याशी करवतीने कापलेला.
एका हाताने कसा कापला, विचारलं नाही.
त्यांनी दाबला, जरा जोरातच,
आणि बोट माझ्यापुढे धरलं:
कातडीत रुतलेला के,
सरळ.