नववी ब, संगीताचा तास

स्पीकर माझा, घरून आणलेला. चार्जिंग जेमतेम.
शाळेकडे एक पेटी आहे,
तिची एक पट्टी दाबली की वर येत नाही.

फळ्यावर लिहिलं : जॅझ.
मागून कुणीतरी, "सर, गाडी ना?"

गाडी नाही. बोटीपासून सुरू होतं ते.
नकाशा भूगोलवाल्यांच्या कपाटात, कुलपात.
म्हणून खडूनेच काढली आफ्रिका, ओबडधोबड, शेजारी समुद्र,
आणि बोटीच्या पोटात माणसं,
पोत्यांसारखी रचलेली.
इथे थांबलो. पोत्यांसारखी नाही, म्हटलं.
खडकी बाजारात पोती रचतानासुद्धा
हवेला फट सोडतात.

मग कापसाचे मळे, चाबूक, विकली गेलेली लेकरं.
सांगितलं, बऱ्याच ठिकाणी मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले,
ढोल या मळ्याचा निरोप त्या मळ्यात नेतो म्हणून.
ताल मग गेला तळहातांत, मांड्यांवर, टाचांत.
एका शहरात रविवारी एक मैदान मिळायचं,
आठवडाभराचं सगळं
तेवढ्यात वाजवून घ्यायचं.

मग लावलं. सॅक्सोफोन.
नेमका कारखान्याचा भोंगा झाला
आणि पोरं हसली, कारण क्षणभर
दोघांनी एकच सूर धरला होता.

तो पेटीवर शोधा, म्हटलं.
कोमल गंधार? नाही.
शुद्ध? तोही नाही.
पाच जण येऊन गेले.
तो दोन पट्ट्यांच्या मधे आहे,
जिथे नुसती धूळ जाते.

सलोनी अवघडे वर्गात बोलत नाही.
उभी राहिली. "सर, त्यांचा ढोल काढून घेतला?"
हो.
"आमच्या आज्याच्या तर गळ्यात अडकवलेली. हलगी.
गावात कुणी मेलं की वाजवायचीच.
नाही म्हणायची सोय नव्हती.
पुण्याला आल्यावर पप्पांनी माळ्यावर टाकली ती.
हात लावू देत नाहीत."

माझ्या टिपणात याच्यापुढे काही नव्हतं.
खडू या हातातून त्या हातात घेतला.

स्पीकर मान टाकून गप्प.
तेव्हा तिने बाकावर दोन बोटं मारली,
थांबली, पुन्हा मारली, त्याहून जास्त थांबली.
त्या थांबण्यात सगळा वर्ग
पुढचा ठोका धरून बसलेला.
तो तिने दिलाच नाही.

"असं नाही वाजत," म्हणाली,
"आधी जाळावर शेकावी लागते."

घंटा झाली. बीजगणिताच्या बाई दारात.
समुद्र तेवढा पुसला मी,
बाकीचं राहिलं.