दार असेल तर

फॉर्मवर रकाने पाच:
आलिशान, उच्च-मध्यम, मध्यम, किफायती,
आणि शेवटचा नुसताच ‘इतर’.
महिनाभर मी पुण्यातल्या खोल्या मोजते आहे.

कोरेगाव पार्कात मोजणी सोपी.
रिसेप्शनवरच्या मुलीने छापील कागदच दिला.
खोल्या दोनशे अकरा, उशांचे प्रकार सात.
उशा कुठल्या रकान्यात, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

हिंजवडीत सगळ्या खोल्या एका आईच्या.
तीच किटली, तीच कॉफीची दोन पाकिटं,
पलंगाच्या पायथ्याशी तीच तपकिरी पट्टी,
जिचा उपयोग आजवर कुणी सांगितलेला नाही.
सोमवार ते गुरुवार विचारूच नका.
शनिवारी मजलेच्या मजले अंधारात.

साहेब म्हणाले होते, पिरॅमिड येईल बघा,
खाली रुंद, वर टोक.
मी आलेख काढला तर शहराचं पोट सुटलेलं,
बाणेरपासून खराडीपर्यंत
मध्यम, मध्यम, मध्यम.

ससूनच्या मागच्या गल्लीत घोंगडेकाकांचं लॉज.
खोल्या बारा, भाडं साडेचारशे,
पेशंट ॲडमिट असेल तर चारशे.
‘आणि पेशंट गेला,
तर त्या रात्रीचं घेत नाही,’
चष्मा पुसता पुसता म्हणाले.
‘सवलतीचं धोरण’ असा एक प्रश्न होता फॉर्ममध्ये.
तो मी कोरा सोडला.

शेवटी सदाशिव पेठ.
जिन्याखाली कॉट बेसिसवर
अहमदपूरचा मुंजाजी केंद्रे, चौथा अटेम्प्ट.
एका खोलीत सहा कॉट,
सातवी ही, जिन्याच्या उतारामुळे
उठून बसलं की डोकं आपटणारी.
‘कॉट धरता का तुम्ही?’ त्याने विचारलं.
मी साहेबांना फोन लावला.
‘दार आहे? दार असेल तर खोली.
नसेल तर सोडा, पुढे चला.’

दार नव्हतं. फ्लेक्स होता,
कुठल्याशा क्लासचा, उलटा टांगलेला,
निवड झालेल्यांचे चेहरे खाली डोकं वर पाय.

‘थांबा मॅडम,’ मुंजाजी बाहेर आला,
फ्लेक्सवर बोटाने टकटक केलं.
आवाज आला. खरंच आला.
आणि आतल्या कॉटवरून,
रात्रपाळी करून दिवसा तिथे झोपणाऱ्या कुणीतरी
झोपेतच म्हटलं,
ये, उघडंच आहे.