शाई

मटण स्ट्रीटवर हातिमभाईंकडून घेतलेलं
तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र,
चौकटीत ताणून बसवलेलं, काच नाही, पाठ नाही,
काखेत मारून मी डग्गा आणायला गेलो
परळला, गेनू खरटमलांच्या गाळ्यात.

ते वादी ओढत होते, टाच गट्ट्याला लावून.
म्हणाले, दाखवा.

झाडाला उलटा टांगलेला माणूस, पाय बोकडाचे.
शेजारी एक देखणा, कुरळ्या केसांचा,
हातात सुरी.
फांदीला अडकवलेलं त्याचं तंतुवाद्य.
मी सांगितलं: हा मार्सियस, यानं पावा वाजवला.
तो अपोलो, देव. दोघांत पैज लागली.
हरला त्याचं कातडं सोलताहेत.

परीक्षक कोण होते?
देवाच्याच घरोब्यातले, म्हणालो.
हं.
वादी आणखी बोटभर आवळली.

डावरा आहे तुमचा देव.
नाही हो, पत्र्यावर तो उजवाच कोरतात,
छापताना उलटा होतो.
मग बोकड? तोही. आणि झाड?
तेही.
म्हणजे खरं सगळं त्या बाजूला, म्हणत
त्यांनी चौकट दाराच्या उजेडाकडे धरली
आणि मागून पाहत राहिले. बराच वेळ.

सुरी अशी नाही धरत. पातं आत वळलं की भोक पडतं.
आणि देव स्वतः?
आमच्यात देव असली कामं करत नाही.
आमच्याकडून करून घेतो,
मग आम्हांला पायरीखाली उभं करून
आमचाच पखवाज आत वाजवतो.

मी घाईनं म्हटलं, शाई बघा, दोन-तीनशे वर्षं झाली,
अजून काळी आहे.
शाई? त्यांनी बोटावरचा गोळा दाखवला,
लोखंडाची पूड, खळ,
थरावर थर, दगडानं घासून घासून.
तुमची तडकते का?
नाही.
आमची तडकावी लागते. तेव्हा कुठे बोलते.

कातड्याचं काय केलं मग?
म्हणे गुहेत टांगून ठेवलं होतं.
कुणी पाव्यावर त्याच्या मुलखाची धून धरली
की थरथरायचं.
देवाची स्तुती वाजवली तर गप्प.

खरटमल पहिल्यांदा हसले.
हे मात्र खरं असणार.

मग तर्जनीनं कागदाच्या मधोमध
अलगद टिचकी मारली, कान लावला.
बोकडाच्या पोटापाशी पुन्हा एकदा.
ओल धरलीय, म्हणाले. ठेवून जा.

डग्ग्याचे पैसे दिले.
याचे किती, ते विचारायचं राहिलं.