उजवी टाच

बेटावर शोधणं सोपं होतं.
शहाळंवाल्याला विचारलं, त्यानं कोयत्यानंच दिशा दाखवली:
पोस्टाच्या मागे, निळा पत्रा, फिलोमिना.

फिलोमिना कुजूर. आजोबांना रांचीहून आणलं होतं जंगल तोडायला,
नात लाकडी रिफॉर्मरवर माणसं ताणते.
खाऱ्या हवेनं स्प्रिंगा गंजायच्या,
दर रविवारी ती त्यांना तेल लावत बसायची,
पोरींच्या वेण्या घालाव्यात तशी.
मी भाच्याकडे गेलेले, आठ दिवस.
कंबर घरी ठेवून येता येत नाही, म्हणून बरोबर नेलेली.
तिनं ना एमआरआय मागितला, ना वय.
दारातली माझी चप्पल उचलली, उलटी केली.
उजवी टाच झिजलीय, म्हणाली,
डाव्या पायावर भरवसा नाही तुमचा.

पुण्यात परतले. कंबरही परतली.

बाणेरला काचेचा मजला, लिंबूपाण्यात पुदिना.
टॅबवर फॉर्म: तुमचं ध्येय काय?
वजन, टोनिंग, लग्न, इतर.
मी 'इतर'वर बोट ठेवलं तर खाली ओळ उघडली: स्पष्ट करा.
काय स्पष्ट करू?
दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन
कठडा न धरता जिना उतरायचाय मला.
छत्तीस सेशनचं पॅकेज. दिवाळीपर्यंत सवलत.

औंधला आरशांत मी सतरा वेळा दिसले,
एकदाही बरी नाही.
शिकवणारा मुलगा म्हणत होता, सुपर मॅम, सुपर.
मी चुकत होते तेव्हा जरा जास्तच.

दिगंबर म्हणाला, टेकडीवर चाल, फुकट आहे.

रात्री फिलोमिनाला फोन लावला.
मागे समुद्र नव्हता, मिक्सर चालू होता.
यंत्र बघू नका, म्हणाली,
शिकवणारी काय बघते ते बघा.
मग बराच वेळ मुलाच्या बारावीबद्दल बोलली.

नाना पेठेत, सायकलच्या सुट्या भागांच्या दुकानावर,
यास्मिन तांबोळी.
दोनच यंत्रं. एकाच्या गादीला चिकटपट्टी.
मी दारात मुद्दाम चप्पल उलटी काढून ठेवली.
तिनं पायानंच सरळ केली.
उलटी ठेवू नका हो, भांडणं लागतात.
संपलं, वाटलं मला. निघावं.

आत एक निवृत्त कंडक्टर, सोनवणे,
दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवून छताकडे बघत होते.
तीस वर्षं बसमध्ये उभा राहून पगार घेतला, म्हणाले,
आता आडवं पडून देतोय.
हसताना त्यांची स्प्रिंग सुटली.
यास्मिन ओरडली. खरंच ओरडली.
हे मला आवडलं.

मग ती माझ्या मागे येऊन उभी राहिली,
पुष्कळ वेळ, काही न बोलता.
खाली कुणीतरी चाकाचे आरे आवळत होतं,
एक तार जरा खाली, एक जरा वर.
पर्स कुठल्या खांद्यावर?
डाव्या.
मग हे पर्सचं नाही. घरात जड काय उचलता?

काही नाही, म्हणाले.

आईला उचलत होते. दीड वर्ष.
पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर,
कायम उजवीकडून,
कारण डावीकडे भिंत होती.
गेल्या पौषात ती गेली.
भिंत अजून डावीकडेच आहे,
मी अजून तिच्याकडे पाठ करून वाकते.

हे काही मी सांगितलं नाही.
तिनंही पुढं विचारलं नाही.
एक लाल स्प्रिंग काढली, निळी लावली,
झोपा, म्हणाली, आज हलकंच.

तासाभरानं चप्पल घातली. टाच अर्थातच तशीच.
अठरा पायऱ्या. कठडा धरला.
खाली पोचल्यावर आठवलं, फी विचारलीच नाही.
परत वर गेले.